नुसता बसलो होतो

मराठी भाषेत 'बसणे' या क्रियापदाला फारशी अब्रू उरलेली नाही. घसा बसतो, धंदा बसतो, पावसाने भिंत बसते. नापास झालेला मुलगा परीक्षेला पुन्हा बसतो, घरजावई बसून खातो आणि अलीकडे तर चार मित्र "शनिवारी बसू या" म्हणाले की चार घरांतल्या बायकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यातही 'नुसतं बसणं' हा अगदी खालचा वर्ग. "काय करतोयस रे?" या प्रश्नाला "काही नाही, नुसता बसलोय" असं उत्तर देणाऱ्या माणसाला आपल्याकडे ताबडतोब काहीतरी काम लावतात. निदान कोथिंबीर तरी निवडायला देतात.

गेले काही महिने मी रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं नुसतं बसायचं ठरवलं आहे. हेतू आध्यात्मिक वगैरे नाही. मी डोळे मिटत नाही, श्वास मोजत नाही. (मोजायचं काम बँकेत पुरेसं होतं.) दिवसभरात जे झालं ते एकदा मनाशी मांडून बघावं, एवढंच. बँकेत आम्ही रोज कॅश टॅली करतो. दहा रुपयांचा फरक लागला तरी माणूस घरी जात नाही. खण उपसतो, गड्ड्या पुन्हा सोडतो. पण ज्या माणसाने ती कॅश मोजली त्याचा स्वतःचा दिवस जमेला गेला की नावे पडला, हे लिहायला कुठलं रजिस्टर नाही.

पहिल्या दिवशी हॉलमध्ये बसलो. पाचव्या मिनिटाला बायकोने कपाळाला हात लावून पाहिला. "अहो, बरं वाटत नाही का?" दुसऱ्या दिवशी मुलीने आईला हळूच विचारलं, "बाबांचा मोबाइल हरवलाय का?" तिसऱ्या दिवशी समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींनी जिन्यात चौकशी केली, की बदलीची ऑर्डर आली म्हणे? बँकेतला माणूस गप्प बसलेला दिसला की त्याला गडचिरोलीला धाडल्याशिवाय लोकांचं समाधान होत नाही.

रजा काढून बसावं म्हटलं, तर आम्हाला वर्षाला 12 कॅज्युअल. अर्जात 'कारण' असा एक रकाना असतो. तिथे मी नेहमी 'घरगुती काम' लिहितो. 'विचार करणे' असं लिहिलं तर साहेब चष्मा काढून विचारतील, "कसला? व्हीआरएसचा?" सप्टेंबर 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद राहू लागल्या, तेव्हा वाटलं होतं की आता निवांतपणा आला. पण त्या शनिवारांवर गॅसची शेगडी, सोसायटीची मीटिंग आणि सासुरवाडी यांनी आधीच रुमाल टाकून ठेवले होते.

मोठ्या माणसांना हे कसं जमायचं कोण जाणे. गांधीजी सोमवारी मौन पाळत. 2 जून 1947 हा सोमवार होता. माउंटबॅटन फाळणीची योजना सांगत होते आणि महात्माजी जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून उत्तरं देत होते. देशाचे दोन तुकडे होत असताना ज्यांनी आपलं मौन मोडलं नाही, त्यांच्या पुढे आमची मजल "अहो, दूध उतू गेलं!" इथपर्यंत.

मला जवळचे वाटतात ते तुकोबा. ते देहूहून भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. घरात दुकान, महाजनकी, म्हणजे आमच्याच लाइनमधले. सांगतात, की त्यांनी कर्जखतं काढली, धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याला देऊन टाकला आणि आपला अर्धा इंद्रायणीत बुडवला. आमच्याकडे याला 'राइट-ऑफ' म्हणतात आणि त्याला वरच्या ऑफिसची मंजुरी लागते. बँकेच्या माणसाला एकांतात बसू दिलं तर तो काय करून ठेवील याचा नेम नाही, हे वरच्या लोकांना तेव्हापासून ठाऊक असावं. म्हणून तर आमच्या शाखेत काउंटरवर सतत गर्दी असते.

नाही म्हणायला एक वेळ अशी येते. लिंक जाते. संगणकाचा पडदा गोठतो, छपाईचं यंत्र अर्ध्या पासबुकावर थांबतं, आणि पहिली दहा मिनिटं आरडाओरडा झाला की शाखेत एक विलक्षण शांतता पसरते. परवा अशी पाऊण तास लिंक गेली होती. माझ्या पुढ्यात निष्क्रिय खात्यांची यादी होती. नियम असा, की खातेदाराने दोन वर्षांहून जास्त काळ स्वतः काही व्यवहार केला नाही, की खातं निष्क्रिय होतं. मधल्या काळात बँकेने व्याज जमा केलेलं असलं तरी तो व्यवहार धरत नाहीत. व्याज आपलं आपण पडत राहतं, खात्यात रक्कमही वाढते. पण खातं झोपलेलंच.

ही यादी मी वर्षानुवर्षं बघतोय. लिंक गेली नसती तर त्या दिवशीही नुसत्या खुणा केल्या असत्या. पण हाताला काम नव्हतं, म्हणून डोकं चाललं. आमच्या घरात अण्णा आणि मी. "औषध घेतलंत?" "घेतलं." "पेपर आला?" "आला." हे आमचं व्याज. रोज न चुकता जमा होतं.

लिंक आली आणि गर्दी पुन्हा अंगावर आली. पण संध्याकाळी मी हॉलऐवजी गॅलरीत जाऊन बसलो. तिथे अण्णांची खुर्ची असते. निवृत्त माणसाकडे नुसतं बसायचा परवाना असतो. त्याला कोणी कोथिंबीर देत नाही. त्यांच्या आडोशाला आपलंही निभावेल असा माझा हिशेब.

अण्णा एस.टी.त कंडक्टर होते, सातारा जिल्ह्यातल्या एका डेपोत. आठवड्यातून दोन-तीनदा त्यांना वस्तीची गाडी असायची. रात्री कुठल्याशा डोंगरातल्या गावी मुक्काम आणि पहाटे परत. "दर वेळी बरी ह्यांनाच वस्ती लावतात!" म्हणून आई डेपो मॅनेजरच्या नावाने बोटं मोडायची. मोठेपणी त्या मॅनेजरच्या वरचा साहेब व्हायचं, हा माझ्या लहानपणीचा पक्का बेत होता.

दहा मिनिटं आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो. मग अण्णा आपणहून म्हणाले, "असं बसायला मला वस्तीच्या गाडीवर मिळायचं. म्हणून तर मागून घ्यायचो."

"मागून घ्यायचात? तुम्ही?"

"मग काय! दिवसभर उभा. साठ-सत्तर माणसं, सुट्टे पैसे, कोंबड्या, भांडणं. रात्री हिशेब लिहून झाला आणि ड्रायव्हर घोरायला लागला, की देवळाच्या पायरीवर जाऊन बसायचो. तास-दीड तास. ताईचं लग्न, घराचं कर्ज, सगळं तिथंच ठरवलं. तुला कॉमर्सला घालायचं ते पण तिथंच."

मी बघत राहिलो. म्हणजे माझं बी.कॉम., ही नोकरी, हे काउंटर, हे सगळं एका डोंगरातल्या देवळाच्या पायरीवर मंजूर झालं होतं, आणि मला ते गावही माहीत नव्हतं. गावाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मग त्या गावातल्या पाटलाचं सांगितलं, कुत्र्याचं सांगितलं, एकदा पहाटे धुक्यात गाडी सुरूच होईना त्याचं सांगितलं. पंधरा मिनिटं केव्हाच संपली होती.

शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या आईला बोलू नकोस हां यातलं."

"मला काय ठाऊक नव्हतं होय?" आतून आईचा आवाज आला. "कंट्रोलरच्या बायकोनं तेव्हाच सांगितलेलं."

अण्णा खुर्चीत ताठ झाले. "मग त्या मॅनेजरला एवढं बोलायचीस ते कशाला?"

"तुमची वस्ती असली की तुम्हा सगळ्यांची जेवणंखाणी लवकर उरकायची. पोरं झोपली की मी पण ओट्यावर घटकाभर टेकायची. हसून पाठवलं असतं तर तुम्ही घरीच राहिला असतात."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या बिल्डिंगकडे बघितलं.