एकशे अठरा नंबरची बंदूक

गावात बंदुका तीन. तिघींची नावं त्यांच्या अंगावरून पडलेली: ठासणीची, पोटखटक्याची आणि आमच्या घरची एकनळी. गाव पाटोदा तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगररांगेवरचं. रात्री रानडुकरं भुईमुगात शिरत, काळवीट ज्वारी खाऊन जात. 1972 चा वन्यजीव कायदा यायच्या आधी माणसं शिकारही करत, ते काही लपवून सांगण्यासारखं नाही. बंदूक म्हणजे कुदळ-पहारीसारखं एक अवजार होतं, फक्त कुलपातलं.

ठासणीची सगळ्यात जुनी. तोंडातून दारू, वर चिंध्या, मग छर्रे, पुन्हा चिंध्या, आणि गजानं ठासायचं. तिची पारख करायची एक रीत अण्णांनी मला दाखवली होती. अण्णा म्हणजे माझे चुलते. गज नळीत तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी बोटानं खूण धरायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. खूण टोपी बसते तिथवर पोचली तर नळी रिकामी. एका साली गज चार बोटं अलीकडंच थांबला. आत बार होता! कुणी भरला, कधी भरला, ठाऊक नाही. वर्षानुवर्षं ती भिंतीला टांगलेली आणि पोरं तिच्याखाली गोट्या खेळलेली. नळीत पाणी भरून दोन दिवस ठेवली, तेव्हा दारू मेली आणि मग बार काढला.

पोटखटक्याची म्हणजे ग्रीनर. बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर कंपनीची, जी.पी. जातीची. हिला बाहेर घोडा दिसत नाही. मुठीखालचा खटका खाली ओढला की आतला ठोकळा खाली जातो आणि वरून काडतूस सरकवायचं. इंग्रज पलटणींना 1871 पासून मिळालेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची हीच रचना. चिखल, धूळ, उन्हाळा, काही चालतं हिला. दिसायला मात्र अगदी ठोंबी.

आमची एकनळी देखणी. बाहेर एकच घोडा, त्याची मान हरणासारखी वळलेली, दस्ता अक्रोडाचा. मोडून भरायची, बारा बोअरची. हा ‘बारा’ आकडा लोकांना उगाच कोड्यात टाकतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढं नळीचं भोक. साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणूनच आकडा वाढला की नळी बारीक होते.

घरात कथा अशी की, ही बंदूक निजामानं आजोबांना बक्षीस दिली. सोयरे आले की आत्या ही कथा सांगायच्या आणि दरवेळी त्यात एक घोडेस्वार वाढायचा. अण्णा नुसते हसायचे. कारण नळीच्या पाठीवर बारीक अक्षरात कलकत्त्याच्या एका दुकानाचं नाव कोरलेलं होतं. विलायतेतून माल मागवायचा आणि त्यावर आपलं नाव घालून विकायचा, ही कलकत्ता-मुंबईच्या मोठ्या दुकानदारांची पद्धतच होती. म्हणजे वरचं नाव बघून बंदूक कुणी घडवली हे कळत नाही. ते बघायचं तर पोटाकडून बघावं लागतं.

खंडेनवमीला ती पुजायला निघे. विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ आणि शेजारी एकनळी. हळदकुंकू दस्त्यालाच लावायचं, लोखंडाला नाही. आजीनं एकदा नळीवर बोट टेकवलं तर अण्णा म्हणाले, “आई, देवाला चालंल, पर नळीला गंज चढंल.” पूजा झाली की ते पुढचं लाकूड काढून नळी वेगळी करत आणि शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवत. गोडं तेल नाही, त्यानं चिकटा धरतो. मग नळी उजेडाकडं धरून मला आत डोकावायला लावत. आत उजेडाची कडी अशी एकामागं एक दिसली पाहिजेत. एखादं वाकडं दिसलं तर तिथं नळी चेपलीय किंवा फुगलीय.

मग पोटाकडची अक्षरं. मुकुटाखाली बी.पी., मुकुटाखाली बी.व्ही., मुकुटाखाली एन.पी. म्हणजे बर्मिंगहॅमच्या तपासणीघरात जास्तीचा बार भरून ही नळी उडवून पाहिली, तुटली नाही, म्हणून शिक्का मारला. 1904 पासून हे शिक्के चालले. शेजारी हिऱ्याच्या चौकटीत 12 आणि त्याच्या बाजूला 1⅛. हे छर्र्यांचं वजन, औंसात, आपल्या हिशेबानं बत्तीस ग्रॅम. 1954 च्या नियमांनंतर तिथं वजनाऐवजी टनात दाब लिहू लागले. तेव्हा आमची बंदूक 1904 ते 1954 मधली, एवढं तिच्या पोटावरूनच कळत होतं. बेल्जियमची असती तर अंडाकृती शिक्क्यात ई.एल.जी. असतं. मला ही अक्षरं बाराखडीसारखी पाठ झाली. पुढं त्यांचा उपयोग होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

अण्णा गेले. परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवता येत नाही. चुलतभावानं बंदूक ठाण्यात जमा केली आणि वारस म्हणून परवान्याचा अर्ज केला. तिथं अडलं. परवान्यावर नंबर होता 118. बंदुकीच्या घोड्याखालच्या लोखंडावर पाच आकडी नंबर. म्हणजे परवाना एका बंदुकीचा आणि घरात दुसरीच, असा अर्थ निघत होता. विनापरवाना हत्यार! अण्णांनी आयुष्यभर दर मुदतीला नूतनीकरण केलं, प्रत्येक निवडणुकीला बंदूक ठाण्यात नेऊन दिली, आणि मेल्यावर ते गुन्हेगार ठरायची वेळ आली. भाऊ घाबरला. कुणीतरी सुचवलं, “नंबर घासून टाका.” मी म्हटलं, असलं काही केलंस तर खरंच आत जाशील.

निजामाच्या राज्यातला पहिला कागद उर्दूत होता, तो 1948 च्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत गेला. त्यानंतरच्या परवान्यापासून 118. आता बारा बोअरच्या विलायती बंदुकीला तीन आकडी नंबर असूच नये असं नाही, पण हा 118 आला कुठून? दोन दिवस डोक्यात तेच. मग ठाण्यात परवानगी घेऊन जमादारांसमोर नळी सोडवली, आणि पोटाकडं बघितलं. 1⅛. छोटा अपूर्णांक, मधली रेघ झिजलेली. कुठल्याशा टेबलावरच्या कुणा कारकुनानं तोच ‘एकशे अठरा’ वाचला होता, आणि पुढं प्रत्येकानं मागच्याचं बघून उतरवला.

जमादार आधी म्हणाले, “गुरुजी, हे तुम्ही म्हणताव. कागद काय म्हणतो?” पण बीडला मुख्यालयातल्या आर्मोररनं नळी हातात घेतली, उलटी केली आणि विचारायच्या आतच म्हणाला, “हे वजन आहे.” त्यानं नळीखालचा, लाकडाखालचा आणि घोड्याखालचा असे तिन्ही नंबर ताडून बघितले. तिन्ही एकच. त्याचा अहवाल लागला आणि सहा-सात हेलपाट्यांनंतर परवान्यावर खरा नंबर चढला. अलीकडं आमच्या जिल्ह्याचं नाव कमरेच्या पिस्तुलांपायी राज्यभर गाजलं, 2025 मध्ये परवान्यांची छाननी होऊन बरेच रद्दही झाले. हे प्रकरण त्याआधीचं. त्या गदारोळात आमचा अपूर्णांक कुणी ऐकून घेतला असता का, शंकाच आहे.

त्याच आर्मोररनं जाताना नळीचं मागचं तोंड मापलं आणि भावाला सांगितलं, “हिचं घर अडीच इंचाचं. पासष्टचंच काडतूस.” भावानं तोवर सत्तर मिलिमीटरची पेटी आणलेली. तो म्हणाला, “पर बसतंय की हो आत, बंद बी होतंय.” बसतंच. काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, म्हणून ते आखूड दिसतं. उडाल्यावर ती घडी उलगडते, पुढच्या अरुंद जागेत अडकते आणि दाब मागं वाढतो. जुन्या नळीला तेवढं पुरतं. डोळ्यापासून ते वीतभर अंतर.

पेटी भावानं दुकानात परत केली. पासष्टची आणतो म्हणाला, अजून आणलेली नाहीत. अण्णांची म्हणून उरलेली कागदी काडतुसं पावसाळी हवेनं फुगलीत, नळीत जातही नाहीत. आणि डुकरावर बार काढायचा तर वनखात्याची परवानगी लागते, तिची आणखी वेगळी वाट. भुईमूग काढणीला आला की भाऊ रात्री माळ्यावर बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन बसतो. एकनळी घरी, कुलपात.