पोरक्यांची शाळा

बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या साबा राज्यात, सांदाकान शहराजवळ सेपिलोकचे घनदाट अरण्य आहे. त्या अरण्याच्या कडेला १९६४ साली एक आगळी शाळा सुरू झाली. तिचे विद्यार्थी म्हणजे आईला मुकलेली ओरांगउटानची पिले. मलय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे अरण्य. हा अरण्यातला माणूस एकदा डोळे भरून पाहावा, या ओढीने मी तेथे गेलो.

माणसाचे रोग या वानरांना जडतात. म्हणून पाहुण्यांनी काचेआडूनच पाहावे, असा तेथील नियम. काचेपलीकडे तांबूस केसांची पिले दोरांवर झोके घेत होती. एक पिलू मात्र जमिनीवरच बसून होते. एक तरुण सेवक त्याला उचलून दोराशी नेई. पिलू परत येई आणि त्याच्या पायाला मिठी मारी. तो हलक्या हाताने ती मिठी सोडवी व पुन्हा त्याला दोराशी नेऊन ठेवी. असे चार-पाच वेळा झाले. मला त्याचा राग आला. आईवेगळ्या जिवाला घटकाभर कुशीत घेतले, तर काय बिघडेल?

शेजारी एक वृद्ध सेवक उभे होते. त्यांना मी तसे विचारलेही. ते शांतपणे म्हणाले, "तान्हेपणी आम्ही त्यांना बाटलीने दूध पाजतो, छातीशी घेऊन निजवतो. पण अरण्यात आम्ही बरोबर नसणार. आज ही मिठी सुटली नाही, तर उद्या त्याला फांदी धरता येणार नाही."

मग ते सांगू लागले. रानात पिलू सात-आठ वर्षे आईच्या संगतीत राहते. कोणते फळ केव्हा पिकते, कोणती फांदी भार सोसते, रात्री निजण्यासाठी डहाळ्या दुमडून घरटे कसे रचावे, हे सारे ते आईकडे पाहून शिकते. परंतु पामतेलाच्या मळ्यांसाठी अरण्ये तुटली. कित्येक माता मारल्या गेल्या आणि त्यांची पिले पाळण्यासाठी विकली गेली. हे ऐकताना माझी मान खाली गेली. पामतेल आयात करणाऱ्या देशांत आपला भारत अग्रेसर आहे. त्या तरुणावर रागावणारा मी काही अगदीच निर्दोष नव्हतो.

दहा वाजता आम्ही अरण्यातील मचाणापाशी गेलो. तेथे केळी ठेवली होती. रोज तेच ते खाणे ठेवतात. कारण त्याचा कंटाळा येऊन त्यांनी रानातली फळे शोधावी. इतक्यात फांद्या हलल्या. पोटाशी पिलू बिलगलेली एक मादी खाली उतरली, तिने दोन केळी घेतली आणि आमच्याकडे न पाहता ती निघून गेली.

"हिला मीच वाढवले," वृद्ध सेवक म्हणाले.

"आणि तिने ओळखही दाखवली नाही?"

ते हसले. "तिने वळून पाहू नये, म्हणूनच तर वाढवले." मात्र ती दिसेनाशी झाल्यावरही त्यांची दृष्टी त्या फांद्यांवरच खिळून होती.

परतताना मी पुन्हा त्या काचेपाशी थांबलो. ते पिलू आता एका हाताने दोराला लोंबकळत होते. दुसरा हात अजून सेवकाकडे पसरलेला होता. तो तरुण दोन पावले मागे सरकून उभा होता. त्याचेही हात पुढे झालेले होते. पण उचलण्यासाठी नव्हे, पडलेच तर झेलण्यासाठी!