आजीची शेवंती

परवा सकाळी खाली ऑफिसची कॅब हॉर्नवर हॉर्न मारत होती आणि मी बाल्कनीत उकिडवी बसून कुंडीकडे बघत होते. शेवंतीला फूल आलं होतं. पिवळं, शर्टाच्या बटणापेक्षा जरासं मोठं. एकच. पण तिसऱ्या हिवाळ्यात का होईना, आलं!

ही शेवंती बुलढाण्याची, आजीच्या अंगणातली. बुलढाणा म्हटलं की पुण्यातले कलीग्ज लगेच उन्हाची चौकशी करतात. आता त्यांना काय सांगणार, की आमचं गाव अजिंठ्याच्या डोंगररांगांत आहे आणि डिसेंबरात तिथे सकाळी बादलीत हात घालवत नाही! त्या थंडीत आजीचं अंगण नुसतं पिवळंधमक व्हायचं. संक्रांत उलटली की ती झाडं बुडाशी छाटायची, मुळाशी आलेले फुटवे वेगळे लावायची आणि पावसाळ्यात शेंडे खुडत बसायची. मी ओरडायचे, ‘आजी, तोडतेस कशाला?’

‘शेंडा मोडला म्हणजे बाजूनं फुटते, पोरी.’

मार्गशीर्षातल्या गुरुवारी गल्लीतल्या बायका सकाळपासून आमच्या दारात. आजी परड्या भरभरून फुलं द्यायची. माझ्यासाठी वेणी ओवायची. स्वतः? कधीच नाही. आजोबा गेले तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. त्यानंतर आयुष्यभर तिने एवढी फुलं पिकवली, केसांत एक माळलं नाही. संध्याकाळी त्याच बायकांकडे हळदीकुंकू, देवीपुढे आजीची फुलं, आणि आजी घरी निवडत बसलेली. मला ते ‘नॉर्मल’ वाटायचं.

गंमत बघा (गंमत कसली म्हणा!), ताराबाई शिंदे आमच्या बुलढाण्याच्याच. विधवांच्या वाट्याला येणाऱ्या जाचाबद्दल समाजाला धारेवर धरणारं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक त्यांनी 1882 साली लिहिलं. कॉलेजात मी त्यावर झकास प्रेझेंटेशन केलं होतं. स्लाइड्स, टाळ्या, सगळं. मग हिवाळ्यात घरी गेले आणि आजीने ओवलेली वेणी मुकाट्याने माळून घेतली. ‘तुला नाही का गं वाटत माळावंसं?’ एवढंही विचारलं नाही.

शेवटचं भेटलो ते पाडव्याला. आजीने फुटवे ओल्या फडक्यात गुंडाळून दिले. देऊळगाव राजा, जालना करत ते मांडीवर घेऊन मी पुण्याला आणले. झाड तरारलं, पण डिसेंबर आला तरी कळी नाही. फोनवर तक्रार केली, तर आजी म्हणाली, ‘रात्री लाइट चालू ठेवत असशीन. बंद करत जाय. शेवंतीले अंधार लागते.’

मी हसले. अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल्स रात्री दीड-दोनपर्यंत, लॅपटॉप बाल्कनीतल्या टेबलावर, डोक्यावर ट्यूब. मला वाटलं, झाडाच्या निमित्ताने ही माझ्या जागरणावर घसरली. त्या हिवाळ्यात रिलीज होतं म्हणून गावी गेलेच नाही. फेब्रुवारीत आजी गेली.

खूप नंतर वाचलं, की ती शब्दशः खरं बोलत होती. शेवंती रात्र मोजते. रात्र पुरेशी लांबली की कळी धरते. मध्येच दिवा लागला तर तिला वाटतं, दिवस अजून मोठाच आहे. फुलं उशिरा हवी असतील तर शेतकरी मुद्दाम रात्री बल्ब लावतात म्हणे. मी ते फुकटात करत होते! यंदा गणपतीनंतर टेबल आत घेतलं आणि ट्यूब काढूनच टाकली.

पहिलं फूल देवाला, हा आमच्या घरचा नियम. मी ते खुडलं आणि आजीच्या फोटोच्या फ्रेममध्ये, पदराच्या कडेला खोचलं. आई सध्या माझ्याकडे आहे. ती पूजा करता करता थांबली आणि बघत राहिली. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

‘जरा मागे घे,’ ती म्हणाली. ‘कानाजवळ.’

खाली कॅबवाल्याने पुन्हा हॉर्न दिला.