मेल्यावरचे बोलणे

वयाच्या ४८ व्या वर्षी गृहस्थाने कोणत्या पायरीवर असावे, याविषयी समाजाच्या कल्पना ठरलेल्या असतात. घराचे कर्ज बहुतेक फिटलेले असावे, कचेरीत दोन-चार माणसे हाताखाली असावीत आणि रविवारी दुपारी त्याने वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपावे. यांतील पहिल्या दोन गोष्टी मी यथास्थित पार पाडल्या आहेत. तिसरी मात्र साधत नाही. कारण रविवारी दुपारी मी कानांवर हेडफोन चढवून संगणकापुढे बसलेला असतो आणि चार अनोळखी तरुणांच्या सोबतीने दुसऱ्या पाच अनोळखी तरुणांवर गोळ्या झाडीत असतो. तेथील माझी पायरी ‘रौप्य, दुसरी’ अशी आहे. ती मी कोणाला अभिमानाने सांगत नाही. पण तिच्यासाठी जितका जीव टाकला, तितका कचेरीतील बढतीसाठीही टाकला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

या खेळाचे नाव व्हॅलोरंट. अमेरिकेतील रायट गेम्स या कंपनीने तो २ जून २०२० रोजी सर्वांना खुला केला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे माझा पुतण्या आमच्याकडेच अडकून पडला होता. त्याने हा खेळ घरात आणला, मला शिकविला आणि पुढे तो शिक्षणासाठी परगावी निघून गेला. एखाद्याने हौसेने मांजर आणावे आणि गावी जाताना ते आपल्या पदरात टाकावे, तसे झाले. मांजर घरी राहिले, आणि मला त्याचा लळा लागला.

खेळ समजावयास सोपा आहे. एका पक्षातील पाच जणांनी नेमलेल्या जागी स्फोटक ठेवावयाचे आणि दुसऱ्या पाचांनी ते ठेवू द्यावयाचे नाही. ठेवले गेलेच, तर ४५ सेकंदांच्या आत ते निकामी करावयाचे. त्या कामाला ७ सेकंद लागतात, आणि ती ७ सेकंद कोणीतरी पाठ राखावी लागते. अशा १३ फेऱ्या जो पक्ष आधी जिंकेल, त्याचा बहुधा सामना. एका फेरीत माणसाला जीव एकच. मेलेला खेळाडू फेरी संपेपर्यंत साथीदारांच्या डोळ्यांनी उरलेले युद्ध पाहत राहतो, आणि त्याला त्यांच्याशी बोलता येते. या शेवटच्या सवलतीकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. माझी सारी कथा तिच्यातच आहे.

आता शिडीविषयी. लोह, कांस्य, रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम आणि हिरा असे धातू-रत्नांचे सहा वर्ग. त्यांवर असेंडंट व इम्मॉर्टल हे दोन. प्रत्येकाच्या तीन-तीन पायऱ्या. सर्वांच्या माथ्यावर रेडियंट, आणि तेथे त्या त्या भूभागातील पहिल्या ५०० खेळाडूंनाच जागा. एकूण पायऱ्या २५. जिंकले की गुण वाढतात, हरले की कमी होतात.

अशा गुणांकनाचे मूळ शोधू गेल्यास आपण बुद्धिबळाच्या पटापाशी येतो. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी खेळाडूंचे बळ आकड्यात मांडण्याची एक रीत बसविली. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने ती १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. बलिष्ठास हरविले तर गुण अधिक, दुबळ्यास हरविले तर थोडे. या विचारातील मर्म असे की, ज्या पायरीवर आपण खरोखर शोभतो, तेथे आपण सुमारे निम्मे सामने हरावयाचेच. ते दुर्दैव नव्हे. शिडी नीट उभी असल्याची ती खूण आहे.

परंतु बुद्धिबळात समोरासमोर दोघेच असतात. हरलेल्या माणसाला बोट दाखवावयास स्वतःवाचून कोणी उरत नाही. येथे मात्र हार पाच जणांची आणि गुण ज्याचे त्याचे वेगळे कापले जातात. मनुष्यस्वभावाला याहून सोयीची व्यवस्था कोणी योजून देऊ शकला नसता.

मी पेशाने हिशेबनीस. तेव्हा प्रत्येक सामन्याची नोंद ठेवण्यासाठी मी एक वही घातली. तारीख, निकाल आणि पराभव असल्यास कारण. पहिल्या १०० सामन्यांत ५१ पराभव झाले. त्यांपैकी ४४ पराभवांपुढे मी ‘साथीदार’ असे लिहिले होते. उरलेल्या सातांपैकी तीन विजेच्या खात्यावर आणि चार इंटरनेटच्या खात्यावर पडले होते. माझ्या स्वतःच्या खात्यावर एक छदामही निघत नव्हता.

दुसऱ्या कोणाच्या वहीत असा हिशेब सापडता, तर मी ती तत्काळ जप्त केली असती. गणित अगदी साधे होते. माझ्या बाजूला चार अनोळखी माणसे, समोर पाच. जगात मूर्खपणा सारखा वाटलेला असेल, तर तो चारास पाच या प्रमाणात प्रतिपक्षाच्या वाट्याला अधिक यावयास हवा. शंभर सामन्यांत शेकडो माणसे आली आणि गेली. प्रत्येक पानावर हजर असलेले नाव एकच होते. हे मला समजत नव्हते असे नाही. समजूनही मी वर्ष-दीड वर्ष त्याच पायरीवर बसून तीच वही लिहीत राहिलो.

गेल्या दिवाळीत पुतण्या चार दिवसांसाठी आला. मी त्याच्यापुढे माझी कैफियत मांडली. त्याने वाद घातला नाही. संगणकावर खेळाची चित्रफीत आवाजासकट उतरवून घेण्याची सोय त्याने लावून दिली. दुसऱ्या दिवशी मी एक सामना खेळलो आणि रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दोघे तो पाहावयास बसलो.

नकाशा हेवन नावाचा होता. इतरत्र बहुधा दोनच जागा राखाव्या लागतात, येथे तीन. तिसऱ्या जागेवर मी एकटा होतो. चित्रफितीत शत्रूच्या पावलांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मी गप्प होतो. आवाज जवळ आला, मी गप्पच. मग मी गोळ्या झाडल्या, त्या भिंतीला लागल्या आणि मी मेलो. त्याच क्षणी माझी वाणी फुटली. ‘अरे, तुम्ही सगळे तिकडे करता काय? इकडे कोणी येत का नाही?’

पुतण्याने चित्र थांबविले. ‘काका, एक सांगू? तुम्ही मेल्यावर फार बोलता. जिवंत असताना तोंडच उघडत नाही.’

मला हसू आले. पण पुढची फेरी पाहताना ते ओसरले. सेज नावाचे पात्र मी घेत असतो. साथीदारांच्या जखमा भरून काढणे हे तिचे मुख्य काम. मुंबईतील सर्व्हरवर नाना भाषा कानी पडतात. त्या दिवशी आमच्यातील एक मुलगा मराठीत बोलत होता. कोवळा, नुकताच फुटलेला आवाज. ‘दादा, हील द्या ना, माझे वीसच उरलेत.’ शंभरांपैकी वीस. माझ्याजवळ जखम भरणारा गोळा तयार होता, तो पडद्यावर दिसत होता. पण मी त्या मुलाचे बोलणे ऐकलेच नव्हते, कारण मागच्या फेरीतील स्वतःच्या मरणाचे सुतक मी अजून पाळीत होतो. तो मुलगा तसाच पुढे गेला आणि पडला. ‘मेला एकदाचा,’ पडद्यातून माझा आवाज आला, ‘यांना खेळायला घेतं कोण?’

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तो मुलगा म्हणाला, ‘सॉरी, दादा.’ त्यानंतर सामना संपेपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही.

मी वही उघडून पाहिली. सकाळीच केलेली नोंद होती: ‘पराभव. कारण: साथीदार. मराठी मुलगा, निरुपयोगी.’

आमची सौभाग्यवती फराळाचे डबे आवरीत मागे उभी होती. तिला खेळातले काही समजत नाही. ती एवढेच म्हणाली, ‘अहो, हा आवाज माझ्या ओळखीचा आहे.’ आणि डबे घेऊन आत गेली.

त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. तो आवाज कचेरीतील कारकुनांच्याही ओळखीचा असणार, हे उघड होते. मार्च अखेरच्या घाईत एखादा आकडा चुकला म्हणजे मी नेमका त्याच स्वरात बोलतो. आणि आकडा चुकण्यापूर्वी, जेव्हा दोन शब्द उपयोगी पडले असते, तेव्हा मीही गप्पच असतो. त्या मुलाची क्षमा मागावी असे फार वाटले. पण सामना संपला की दहा माणसे दहा दिशांना पांगतात. तो कोण, कोठला, मला ठाऊक नाही, आणि आता कळण्याचा मार्गही नाही.

मी स्वतःपुरते दोन नियम केले. जिवंत असताना जे दिसेल व ऐकू येईल ते सांगावयाचे. मेल्यावर साथीदाराला उपयोगी पडेल तेवढेच बोलावयाचे. नियम लहान, पाळणे कठीण. पहिल्या महिन्यात मी ते किती वेळा मोडले, याचा हिशेब वहीत आहे, आणि या खेपेस तो खरा आहे. फळ काय, असे कोणी विचारील. मध्यंतरी मी सुवर्णाच्या पहिल्या पायरीवर चढलो, नऊ दिवस तेथे राहिलो आणि पुन्हा रौप्यात उतरलो. माझे डोळे आणि बोटे ४८ वर्षांची आहेत. शिडीला ते ठाऊक आहे.

गेल्या रविवारी खेळ आटोपून मी बाहेरच्या खोलीत आलो. पत्नी शेंगा सोलीत बसली होती. तिने वर पाहून विचारले, ‘आज जिंकलात की हरलात? बाहेर काही समजेना.’

आम्ही १३ विरुद्ध ५ असे हरलो होतो.