साडी गार्ड

पासिंगला नेलेली गाडी नापास झाली, तेव्हा तिचं इंजिन एकदम झकास चालत होतं. मला पचत नव्हतं ते हेच.

गाडी बाबांची. १९८५ ची येझदी रोडकिंग. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यात बनलेली, २५० सीसी, टू-स्ट्रोक, दोन बाजूंना दोन सायलेन्सर. गिअरचा दांडा वळवला की त्याचीच किक होते. अजून कुणाला दाखवलं की लोक चाट पडतात. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, मी त्यानंतरचा. बाबांनी ती १९९० मध्ये सेकंडहँड घेतली. लग्नानंतर आई-बाबा लालबागहून दादरला खरेदीला, गिरगावात मावशीकडे, सगळीकडे तिच्यावरूनच जायचे.

खाजगी दुचाकीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. मग दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरायचा, पर्यावरण कर भरायचा आणि गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करायची. आमची मुदत २०२० मध्ये, लॉकडाउनच्या वर्षात संपली. तोवर बाबांचा गुडघाही गेला होता. गाडी चाळीच्या जिन्याखाली ताडपत्रीत गेली.

गेल्या वर्षी मी ती बाहेर काढली. पगार बरा आहे, इन्स्टाग्रामवर जुन्या गाड्यांचे रील बघून हात शिवशिवत होते. ऑपेरा हाऊसजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि चोरबाजारात कित्येक शनिवार घालवले. चेसिसला काळं पावडर कोटिंग केलं. मोठे आरसे काढले. साडी गार्ड आणि मागच्या सीटचं हँडल काढून टाकलं, कारण त्यामुळे मागून गाडी ‘अंकल’ दिसत होती. बाबा गॅलरीतून बघत होते, काही बोलले नाहीत.

पहिला दणका पीयूसीला बसला. एप्रिल २००० च्या आधीच्या दुचाकीला धुराच्या बाबतीत सवलत आहे: कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत, हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत. नंतरच्या टू-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ६०००. एवढी ढील असून मी बाहेर.

“ऑइल किती टाकलंस?” बाबांनी विचारलं.

“इंजिन जाम होऊ नये म्हणून थोडं जास्तच.”

“इंजिन वाचवलंस. आणि मागचे खोकतायत त्यांचं काय?”

पेट्रोलमधलं ऑइल मापात आणलं, कार्ब्युरेटर साफ करून ट्यून केला, पीयूसी मिळालं. मग पासिंग. इन्स्पेक्टरसाहेबांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, छाप उमटेना. मागचा ब्रेक दाबायला लावला, लाइट लागेना. मग गाडीला मागून एक फेरी मारली आणि म्हणाले, “आरसे कुठायत? मागे बसणाऱ्यानं धरायचं काय? चाकाला गार्ड कुठाय?”

मी म्हणालो, “सर, व्हिंटेज गाडी आहे.”

“पन्नास वर्षं झाली?”

नव्हती झाली. २०२१ च्या नियमांत व्हिंटेजला ५० वर्षांपेक्षा जास्त वय आणि मूळ रूप लागतं. शिवाय तशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. आमची नुसती जुनी.

घरी आलो तो चिडूनच. आमच्या ऑफिसात एक जुना विनोद आहे: प्रोग्रॅम ग्राहकाकडे बंद पडला की लिहिणारा म्हणतो, “माझ्या मशीनवर तर चालतोय.” रात्री नापास झालेल्या गोष्टी कागदावर लिहून काढल्या आणि लक्षात आलं, मी अगदी तेच म्हणतोय.

चेसिस नंबर पावडर कोटिंगनं भरून गेला होता. गाडी चोरीची नाही, हे सांगणारी तीच एक खूण. ब्रेक लाइटचं कारणही तेच. दिव्याला वायर एकच जाते, करंटचा परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंड. पावडर कोटिंगमधून करंट जात नाही, त्यामुळे अर्थिंगच तुटलं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये डिग्री घेतलेल्या माणसाला हे महिनाभर कळलं नाही, कारण ब्रेक लाइट चालवणाऱ्याला दिसतच नाही. तो मागच्यासाठी असतो. धूरही मागच्याला. मला दिसत होतं आणि ऐकू येत होतं तेवढं सगळं मी चकाचक केलं होतं.

आणि साडी गार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. मागे बसणाऱ्याला धरायला काहीतरी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं आवरण, एवढंच तो मागतो.

आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. “मी पोटुशी होते तेव्हा गिरगावहून येताना पदर सुटला होता,” ती म्हणाली. “गार्डावर घासत घरापर्यंत आला. काळा झाला नुसता. चाकात गेला नाही.”

ती पोटुशी म्हणजे माझ्याच वेळी. बाबांनी मान हलवली. महिनाभर गॅलरीतून बघताना त्यांना काय वाटत असेल, ते मी विचारलं नाही.

नंबरावरचं कोटिंग पेंट रिमूव्हर लावून हलक्या हातानं काढलं. मागच्या दिव्यापासून बॅटरीपर्यंत अर्थिंगची वेगळी वायर ओढली. आरसे, हँडल आणि गार्ड माळ्यावरच्या पोत्यातून काढून जागच्या जागी बसवले. गार्ड थोडं वाकलेलं होतं, तसंच ठेवलं. दुसऱ्या खेपेला दहा मिनिटांत पासिंग झालं. पुढची ५ वर्षं मिळाली.

त्या संध्याकाळी आईला म्हटलं, दादरला फुलं आणायला जाऊ.

“आता मी साडी कुठे नेसते रोज?” असं म्हणत ती पंजाबी ड्रेसवर, पूर्वीसारखीच एका बाजूला पाय सोडून बसली. हेल्मेटचा पट्टा लावला. मागच्या हँडलकडे हात आपोआप गेला, न बघता. भारतमातापर्यंत आलो तेव्हा आरशात पाहिलं. तिची ओढणी वाऱ्यानं खाली गेली होती आणि गार्डावर फडफडत होती.