परतीची नळी

डिझेलचा वास पेट्रोलसारखा उडून जात नाही. तो मुक्कामालाच येतो. शर्टाच्या बाहीत, सीटच्या रेक्झिनमध्ये, टपाच्या ताडपत्रीत ठाण मांडतो. आमच्या जुन्या एमएम 540 जीपमध्ये तो इतकी वर्षं नांदला की पाहुण्यांनी नाक मुरडलं की आम्हाला पाहुण्यांचंच नवल वाटे. बॉनेटखाली नोझलांच्या भोवती ओलसर काळी माती धरलेली असायची; तिच्याकडे कोण बघतो? मग एकदा चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये जीप काळा धूर ओकू लागली आणि आवाजात खोट आली. तीन ठोके धड, चौथा लंगडा.

इंजिन प्यूजोचं, एक्सडीपी 4.90. चार सिलिंडर, 90 मिलिमीटरचा बोअर, 2112 सीसी. त्यात संगणक नाही, दिवा लावून दुखणं सांगणारा सेन्सर नाही. दुखणं कानानंच शोधायचं. कराडच्या मिस्त्रींनी इंजिन बंदही केलं नाही. पान्यानं एकेका नोझलच्या पाइपाचा नट जरासा सैल करायचा, ऐकायचं, पुन्हा आवळायचा. पहिला सैल केला तशी जीप अडखळली. दुसऱ्याला अडखळली. तिसऱ्याला काहीच नाही, चाललंय ते तसंच. "ह्यो असून नसून सारखाच," मिस्त्री म्हणाले. "ह्योच धरा." अडखळणं हीच तब्येतीची खूण, आणि फरक न पडणं हा आजार. ही उलटी नाडीपरीक्षा मला फार आवडली.

तिसरं नोझल निघता निघेना. त्याच्या बुडाशी तांब्याचं वॉशर असतं; ते चेपून बसतं आणि खालचा जाळ वर येऊ देत नाही. आमचं वॉशर केव्हाच हार मानून बसलं होतं. जळका वायू बाजूनं फुसफुसत वर येऊन डांबरासारखा थिजला होता. बाकीची तीन नोझलं बरी दिसत होती, तरी मिस्त्रींनी तीही काढली. एक नवं आणि तीन जुनी अशी पंगत इंजिनाला मानवत नाही, असं त्यांचं मत. पैसे माझे जाणार होते, तरी मला ते पटलं.

नोझल तपासणं हे मिस्त्रींचं काम नव्हे. त्याला पंप-नोझलवाला वेगळा. त्याच्या खोलीत धूळ नाही, टेबलावर एक हातदांड्याचं यंत्र आणि त्यावर काटा. नोझल जोडून दांडा दाबला की काटा चढतो आणि साधारण 115 ते 125 बारच्या आसपास नोझल उघडतं. चांगलं नोझल करकरतं आणि पुढे धुकं सोडतं, इतकं बारीक की हवेतच राहतं. आमच्या तिसऱ्यानं आवाज केला नाही. टोकाशी एक थेंब फुगला, लोंबला, पडला. घाटातला सगळा धूर त्या थेंबातला. पुढे बोट न्यायचं नाही, असं त्यानं मला दोनदा बजावलं. ती फवार कातडीतून आत शिरते आणि जखम वरून दिसते त्याहून कितीतरी वाईट निघते.

रुडॉल्फ डिझेलला ही फवार साधली नव्हती. 1897 साली आउग्सबुर्गमध्ये त्याचं इंजिन यशस्वी ठरलं, पण त्यात इंधन आत ढकलायला दाबलेली हवा लागे आणि त्यासाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर. असलं धूड मोटारीत बसणार कसं? 1913 मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून डिझेल नाहीसा झाला. कॉम्प्रेसरशिवाय ही फवार साधणारा बॉशचा इंधनपंप कारखान्यातून नियमित बाहेर पडू लागला तो 1927 मध्ये. आपल्याकडे ही विद्या 'मायको' कंपनीनं रुजवली. नाशिककरांना मायको सर्कल हा रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता वाटतो. पण सातपूरच्या मायकोच्या कारखान्यातून निघालेली नोझलं देशभरातल्या ट्रकांत आणि ट्रॅक्टरांत बसली.

नव्या नोझलची सुई मी हातात घेऊन पाहिली. ती आणि तिचं घर एकमेकांवर घासून जोडीनं तयार करतात. या घरची सुई त्या घरात चालत नाही. दोघांमधली फट दोन ते चार मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. आणि मौज अशी की त्या फटीतून डिझेल गळतं. गळायलाच हवं, कारण सुईला वंगण दुसरं कुठलंच नाही. ते थेंब एका बारीक नळीतून परत टाकीकडे जातात. म्हणजे ज्यांनी हे यंत्र रचलं त्यांनी गळती बंद करण्याचा हट्ट धरलाच नाही. तिला वाट काढून दिली आणि त्या वाटेला नळी जोडली. मला या नळीबद्दल नोझलपेक्षा जास्त आदर वाटतो. सगळं घट्ट करू पाहणारी माणसं मी पाहिली आहेत. ती लवकर जाम होतात.

आमची ओल बहुतेक तिथूनच होती. परतीच्या नळीचं रबर तडकलं होतं. मिस्त्रींनी हल्लीच्या डिझेलला शिव्या घातल्या. त्यांचा राग अगदीच निराधार नाही: 1993 मध्ये कॅलिफोर्नियात इंधन बदललं तेव्हा जुन्या गाड्यांची रबरी सीलं आकसून गळू लागली होती. आपल्याकडेही एप्रिल 2020 पासून डिझेलमधलं गंधक दहा लाखांत दहा भागांवर आलं आहे. आमच्या रबराला मात्र वयच पुरेसं होतं.

तांब्याची तीन वॉशरं नवी मिळाली, चौथं दुकानात नव्हतं. मिस्त्रींनी जुन्यातलंच एक गॅसवर लाल केलं आणि पाण्यात टाकलं. पोलाद असं विझवलं तर ताठर होतं, तांबं मऊ होतं. मऊ झालं की पुन्हा चेपायला तयार. तरी ते त्यांनी बसवलं नाही, दाखवून खिशात टाकलं आणि पोराला दुसऱ्या दुकानात पिटाळलं. खाली भोकात जुनं वॉशर चिकटून राहिलेलं नाही ना, हे बॅटरी मारून प्रत्येक ठिकाणी पाहिलं. त्यावर नवं बसलं तर नोझल वर राहतं आणि फवार चुकते.

मग हवा काढणं. पाइपांचे नट सैल, पोरगं स्टार्टरवर, नटापाशी बुडबुडे, मग फेस, मग अखंड डिझेल. एकेक नट आवळला तसे ठोके सुरू झाले: एक, दोन, आणि मग चारही एकदम.

जीप मागे घेतली तेव्हा तिच्या जागी गिअरबॉक्सखाली तेलाचा रुपयाएवढा डाग होता. मी मिस्त्रींना दाखवला. त्यांनी बोट लावून वास घेतला.

"ते ऱ्हाऊ द्या साहेब. तेल तेवढं बघत ऱ्हावा. दिवाळीनंतर आणा."