ब्रेकआधी रस्ता पाहा

वाचकहो, बैल घ्यायचा झाला तर आपण चार बाजार फिरतो. दात पाहतो, खांदा पाहतो, चालवून पाहतो. पण लेकीला सायकल घ्यायची म्हटली की रंग पाहतो, किंमत विचारतो आणि घेऊन येतो. ब्रेक कोणता, हे कोणी विचारत नाही. मीही विचारले नसते. पण आमच्या घरी यावरून चार दिवस वाद झाला. त्यात मी जे शिकलो, ते तुमच्याही उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

आमचे गाव वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात. नात यंदा आठवीत गेली. शाळा चार किलोमीटरवर आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते, त्यामुळे सायकल घ्यायचे ठरले. नात म्हणाली, "आबा, मले डिस्कवालीच सायकल पायजे."

मी म्हणालो, "काहून? आमी जलमभर साध्या ब्रेकवरच सायकल चालवली."

हे खरे होते, पण पुरते खरे नव्हते.

गोष्ट १९८४ च्या पावसाळ्यातली. तेव्हा आमचा भाग अकोला जिल्ह्यात होता. वाशिम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. माझ्याकडे काळी, उंच, सळीच्या ब्रेकची सायकल होती. धाकटी बहीण दप्तर घेऊन कॅरियरवर बसली होती. नाल्याच्या उतारावर मी ब्रेक दाबला, दाबतच राहिलो, पण सायकल काही आवरेना. पुलाच्या दगडावर जाऊन आदळलो. मला खरचटले. बहिणीचे मनगट मोडले आणि वाकडेच जुळून आले. वडील म्हणाले, आता शाळा पुरे झाली. ती नववीत होती. दहावी राहिली ती राहिलीच. इतकी वर्षे मी त्याचा दोष पावसाला देत आलो.

या वादाच्या निमित्ताने गावातल्या सायकल मिस्त्रीकडे जाऊन बसलो, तेव्हा कुठे उलगडा झाला.

साध्या ब्रेकात रबराचे तुकडे चाकाची रिंग धरतात. कोरड्या रस्त्यावर हा ब्रेक मुळीच कमी नाही. रस्त्यावरच्या मोठमोठ्या सायकल शर्यतींत डिस्कला कायमची मुभा मिळाली ती २०१८ साली. त्याआधी कितीतरी वर्षे ते शर्यतवीर रिंगच्या ब्रेकवरच डोंगर उतरत होते. पण रिंग जमिनीलगत असते. डबक्यातले पाणी आणि काळ्या मातीचा गारा आधी तिलाच लागतो. त्यात रिंग चकचकीत लोखंडी असली, तर ओले रबर तिच्यावरून नुसते घसरते. आधीचे फेरे पाणी पुसण्यातच जातात, आणि मग कुठे ब्रेक धरतो. आता हिशेब करा. ताशी १८ किलोमीटर वेगाने सायकल एका सेकंदात ५ मीटर जाते. दोन सेकंद ब्रेक धरला नाही, तर १० मीटर गेले. आमचा पूल तेवढ्याच अंतरावर होता.

ॲल्युमिनियमच्या रिंगवर ओले रबर लोखंडापेक्षा पुष्कळ चांगले धरते. दुकानात जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. रिंगला चिकटला तर रिंग लोखंडी समजा.

डिस्क ब्रेकात चाकाच्या मधोमध, हबला, पोलादी चकती असते. पुष्कळ सायकलींना ती १६० मिलिमीटरची, म्हणजे वितीपेक्षा लहान असते. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला असते तशीच. ती जमिनीपासून उंच असल्याने चिखल तिथवर सहसा पोचत नाही. पावसातही ब्रेक लवकर धरतो. चाकाला थोडी आउट आली तरी त्याचे काही अडत नाही.

पण डिस्कचेही नखरे आहेत. चकती पातळ असते. सायकल आडवी पडली, वर पोते पडले, तर वाकते आणि घासू लागते. चेनला तेल सोडताना एखादा थेंब चकतीवर उडाला, की ब्रेक सुटलाच म्हणा. शिवाय जुन्या सायकलीला डिस्क सहसा बसत नाही. हब आणि चिमटा त्यासाठीच केलेला लागतो. मिस्त्री म्हणाला, "काका, डिस्क चांगलीच हाये. पन तिचे पॅड घासले त मले मालेगावले जा लागते. रबर त या डब्यातच हाये."

हे ऐकून मी साध्या ब्रेककडे झुकलो होतो. किमतीतही फरक होताच. तेवढ्यात पंचमीला बहीण माहेरी आली. तिने सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "दादा, ब्रेक मंग पाह्यजो. पयले रस्ता पाह्य."

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन मी शाळेपर्यंत पायी गेलो. अर्धी वाट डांबरी. पुढे पांदण रस्ता, पोटरीपर्यंत गारा, आणि मग तोच नाल्याचा उतार. सायकलीला खरे काम पडणार ते याच दिवसांत. मी डिस्कला हो म्हटले. मात्र तेलाची नाही, तारेची डिस्क घेतली. तिची तार आपल्या मिस्त्रीलाही ओढता येते. शेजारच्या मुलीची वाट सगळी डांबरी आणि सपाट आहे. तिच्या वडिलांना मी ॲल्युमिनियम रिंगचा साधा ब्रेक घ्यायला सांगितले. दोन घरे, दोन ब्रेक, आणि दोन्ही बरोबर.

घेताना एवढे करा. चाक उचलून फिरवा, चकती किंवा रबर घासता कामा नये. ब्रेक दाबून सायकल ढकलून पाहा. ब्रेकची दांडी मुठीला टेकत असेल, तर तार ओढून घ्या. मुलीची बोटे दांडीपर्यंत पोचतात का, तेही पाहा. आणि घरी आणल्यावर लेकीला मोकळ्या जागेत दोन्ही ब्रेक मिळून दाबायला शिकवा. उतारावर, मुरमावर एकटा पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर चाक सटकते किंवा माणूस हँडलवरून पुढे जातो. डिस्क असली तरी उताराला वेग आधीच कमी करावा लागतो.

सायकल अंगणात आली तेव्हा बहीण अजून माहेरीच होती. तिने त्याच वाकड्या मनगटाच्या हाताने ब्रेक दाबला, सायकल पुढे ढकलून पाहिली. सायकल जागची हलली नाही. ती नातीला म्हणाली, "जाय आता शाळेत."